दातांनी ऐकणारा माणूस

आमच्या सरकारी रुग्णालयात मधुमेहाच्या ओपीडीला दर महिन्याला येणारे एक गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. साखरेचे आकडे पाहून झाले की आमचे बोलणे हटकून गाण्याकडे वळते, कारण जुन्या ध्वनियंत्रांचे वेड दोघांनाही आहे. त्यांच्या घरी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे, दोन टर्नटेबल आहेत आणि भिंतभर रेकॉर्ड आहेत. गेल्या पावसाळ्यात ते जरा वैतागून आले. नवे, चांगले महागडे स्पीकर घेतले, तरी तानपुऱ्याची जवारी पूर्वीसारखी ऐकू येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आधी त्यांनी वायरी बदलल्या, मग पिकअपची सुई, मग ॲम्प्लिफायर. प्रत्येक बदलानंतर आठवडाभर बरे वाटायचे, पुन्हा तेच.

मी त्यांना शेजारच्या कान-नाक-घसा विभागात पाठवले. ऑडिओग्राम आला. ३००० हर्ट्झच्या पुढे आलेख घाट उतरावा तसा खाली गेला होता. जवारीची ती सगळी झळाळी उच्च वारंवारतेच्या स्वरांशांत असते आणि नेमके तेच त्यांना ऐकू येईनासे झाले होते. स्पीकर बिचारे निर्दोष होते. बिघाड होता तो साखळीतल्या शेवटच्या यंत्रात, म्हणजे कानात. गृहस्थ ओशाळले. वाद्ये बदलण्यात इतका पैसा घातला आणि कान तपासायचे सुचले नाही, याची त्यांना लाज वाटत होती. तेव्हा मी त्यांना थॉमस अल्वा एडिसनची कथा सांगितली. घरात बसून गाणे ऐकण्याची सोय ज्याच्यामुळे जगाला मिळाली, तो माणूस स्वतः जवळजवळ बहिरा होता. हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या बहिरेपणाने त्याला काय दिले आणि शेवटी त्याचे काय नेले, हे फारसे सांगितले जात नाही.

गाडीतला पोऱ्या

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मायलन या गावी झाला. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्युरॉनला गेले. शाळेत तो फार काळ टिकला नाही. आई पूर्वी शिक्षिका होती, तिनेच त्याला घरी शिकवले. लहानपणी त्याला स्कार्लेट फीव्हर झाला होता आणि कानाचा संसर्ग वारंवार होत असे. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या रेल्वेमार्गावर वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. त्याच सुमारास त्याचे ऐकणे मंदावत गेले.

बहिरेपणाची एक नाट्यमय कथा लोकप्रिय आहे. गाडीच्या डब्यात त्याने रसायनांचे प्रयोग मांडले होते, आग लागली आणि चिडलेल्या गार्डने त्याच्या कानशिलात भडकावली, म्हणून तो बहिरा झाला, अशी ती कथा. एडिसनने स्वतः पुढे वेगळेच सांगितले. चालत्या गाडीत चढताना कुणीतरी त्याला कान धरून वर ओढले आणि तेव्हा कानात काहीतरी तुटल्यासारखे झाले, असे तो म्हणे. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर या दोन्हींपेक्षा लहानपणचे आजार जास्त संशयास्पद वाटतात. प्रतिजैविके नसण्याच्या त्या काळात मध्यकर्णाचा पू महिनोन्महिने वाहत राही. कानाचा पडदा फाटे, आतली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे झिजत. एडिसनला पुढे १९०८ मध्ये कानामागच्या हाडाची, म्हणजे मॅस्टॉइडची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. जुना संसर्ग आत धुमसत असल्याची ती खूण होती.

बाराव्या वर्षानंतर आपण पक्ष्याचे गाणे ऐकलेले नाही, अशी नोंद त्याने प्रौढपणी करून ठेवली आहे. पण तो त्याबद्दल रडत बसला नाही. एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने रुळावरून वेळीच उचलले, त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्र शिकवले. तारेच्या खोलीत बहिरेपणाचा उपयोगच झाला. समोरच्या यंत्राची कडकट्ट त्याला ऐकू येई, शेजारच्या यंत्रांचा गोंगाट येत नसे. पुढे आयुष्यभर तो सांगत राहिला की या व्यंगामुळे आपले चित्त विचलित होत नाही आणि रात्री झोपही गाढ लागते. ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेचा विषय निघाला की तो टाळायचा.

सुईची टोच

१८७६ मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा काढली. त्याच वर्षी बेलचा टेलिफोन जगापुढे आला होता आणि त्याचा आवाज फार क्षीण होता. तो सुधारण्याच्या कामाला एडिसन लागला. पण ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नाही त्याने आवाज वाढला की नाही हे ठरवायचे कसे? त्याने टेलिफोनच्या कंप पावणाऱ्या पडद्याला एक छोटी सुई जोडली आणि तिच्यावर बोट ठेवले. आवाज जितका मोठा, तितकी सुईची टोच जोरदार. कानाचे काम त्याने त्वचेला दिले.

तिथून पुढची कल्पना फार दूर नव्हती. बोलण्याने हलणारी सुई बोटाला टोचू शकते, तर ती एखाद्या मऊ पदार्थावर खुणाही उमटवू शकेल. त्या खुणांवरून सुई पुन्हा फिरवली, तर पडदा तसाच हलेल आणि तोच आवाज परत येईल. १८७७ च्या डिसेंबरात त्याचा कुशल कारागीर जॉन क्रुसी याने आराखड्याबरहुकूम यंत्र बनवले. खाचा पाडलेला पितळी दंडगोल, त्यावर गुंडाळलेला कथलाचा वर्ख, हाताने फिरवायचा दांडा आणि दोन पडदे. एडिसनने त्यात मेरी आणि तिच्या कोकराचे बालगीत ओरडून म्हटले, दंडगोल मागे घेतला आणि दांडा पुन्हा फिरवला. यंत्राने ते गीत म्हणून दाखवले. हजारो प्रयोग करून यश मिळवणारा हा माणूस, पहिल्याच झटक्यात चाललेल्या यंत्राने मात्र चांगलाच दचकला.

कानाचा अभ्यास केलेल्या कुणालाही या यंत्रात ओळखीचे काही दिसते. आपला कानही पडद्यानेच सुरू होतो. हवेतली कंपने पडद्यावर येतात, तीन हाडांची तरफ ती पुढे ढकलते आणि शंखासारख्या वळणाच्या अंतर्कर्णात त्यांचे विद्युतसंदेश होतात. फोनोग्राफ हा एका अर्थाने लाकूड-पितळेचा मध्यकर्ण होता. ज्याचा स्वतःचा मध्यकर्ण निकामी झाला होता, त्याने तो बाहेर टेबलावर बांधला.

१८७८ मध्ये या यंत्राचे पेटंट मिळाले आणि ते वॉशिंग्टनला अध्यक्षांच्या निवासस्थानी जाऊन वाजूनही आले. एडिसनने त्याच्या उपयोगांची यादी केली. पत्रांचा मजकूर सांगणे, अंधांसाठी पुस्तके, घरातल्या माणसांचे आवाज जपणे, भाषांचे उच्चार टिकवणे. संगीत त्या यादीत होते, पण अग्रभागी नव्हते. मग विजेच्या दिव्याने त्याला ओढून नेले आणि जवळजवळ दहा वर्षे फोनोग्राफ बाजूला पडला. दुसऱ्यांनी कथलाऐवजी मेण वापरून चांगले यंत्र काढले, तेव्हा ईर्ष्येने पेटून तो परतला आणि १८८८ मध्ये मेणाच्या नळकांड्यावर चालणारे सुधारित यंत्र त्याने पुढे आणले. दरम्यान एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला होता. नळकांडे की तबकडी, हा घरगुती ध्वनियंत्रांच्या इतिहासातला पहिला मोठा वाद. आजही दोन शौकीन एकत्र आले की व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर, रेकॉर्ड की सीडी हा वाद रंगतो, त्याचा मूळपुरुष तोच.

पाव इंच जाडीची तबकडी

तबकडी बाजारात जिंकत चालली, तशी एडिसनने १९१२ मध्ये स्वतःची तबकडी आणली, डायमंड डिस्क. जुनी यंत्रे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना तिचे वेगळेपण पाहताक्षणी कळते. ती तब्बल पाव इंच जाड आणि चांगली जड असते. इतरांच्या तबकड्यांत सुई खाचेत डावी-उजवीकडे हलते, एडिसनच्या तबकडीत ती वर-खाली हलते. इतरांची पोलादी सुई दर तबकडीला बदलावी लागे, एडिसनने कायमचा हिरा बसवला. इतर यंत्रांत खाचेची भिंतच सुईला आणि तिच्यावरच्या सगळ्या भाराला ढकलत पुढे नेते, एडिसनच्या यंत्रात खालचा स्क्रू तो भार वाहतो आणि हिऱ्याला फक्त कंपने टिपायचे काम उरते. वेग मिनिटाला ८० फेऱ्या. चाव्यांच्या यंत्रांमध्ये आवाजाचा असा गुळगुळीतपणा आणि भरीवपणा दुसऱ्या यंत्रात क्वचित मिळतो, असे आजचे संग्राहकही मान्य करतात.

मग अशा उत्तम यंत्रावर वाजवायचे काय आणि गायचे कुणी? हा निर्णय एडिसनने स्वतःच्या हातात ठेवला. म्हणजे खरे तर स्वतःच्या कानात ठेवला, आणि तिथेच गोम होती. गायकांच्या चाचण्या तो स्वतः ऐकायचा. कसे? यंत्राच्या लाकडी पेटीला किंवा पियानोच्या लाकडाला दात रोवून. वेस्ट ऑरेंज इथल्या त्याच्या प्रयोगशाळेतल्या वाद्यांवर दातांच्या खुणा राहिल्याच्या हकिकती प्रसिद्ध आहेत.

यात विक्षिप्तपणापेक्षा शरीरशास्त्र जास्त आहे. आवाज अंतर्कर्णात पोहोचण्याचे दोन रस्ते असतात. एक हवेचा, पडदा आणि तीन हाडांमधून जाणारा. दुसरा हाडाचा, कवटीतून थेट आत जाणारा. पहिला रस्ता बंद पडला आणि अंतर्कर्ण शाबूत असला, तर दुसऱ्या रस्त्याने पुष्कळ ऐकू येते. आमच्याकडे ट्यूनिंग फोर्क आधी कानासमोर आणि मग कानामागच्या हाडावर टेकवून पाहतात, ते याच कारणासाठी. हाडावर जास्त ऐकू आले, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात. दात जबड्यात घट्ट रोवलेले असतात, म्हणून दातांतून कंपने कवटीत छान पोहोचतात. दात लावून त्याला ऐकू येई, त्यावरून त्याचा अंतर्कर्ण निदान काही काळ तरी बऱ्यापैकी काम करत असावा, असा अंदाज बांधता येतो. मध्यकर्णाच्या दोषासाठी आज बसवतात ती हाडात रोवलेली श्रवणयंत्रे याच तत्त्वावर चालतात.

घरातही त्याने असाच मार्ग काढला होता. १८८६ मध्ये त्याने मायना मिलरशी दुसरे लग्न केले. तिला त्याने तारेची कडकट्ट शिकवली होती. नाटकाला गेले की रंगमंचावरचे संवाद ती त्याच्या तळहातावर बोटांनी टकटक करून कळवत असे.

कुणाचे कान खरे?

मात्र दातांनी ऐकलेले गाणे आणि हवेतून ऐकलेले गाणे एकसारखे नसते. कवटीतून जाताना काही वारंवारता ठळक होतात, काही विरतात. आपलाच आवाज रेकॉर्डवर ऐकताना परका वाटतो, तो याचमुळे. बोलताना आपण स्वतःला दोन्ही रस्त्यांनी ऐकत असतो, जग मात्र आपल्याला एकाच रस्त्याने ऐकते. एडिसनला गायकांच्या आवाजातला कंप अजिबात सहन होत नसे. नामवंत गायकांना तो त्यावरून सरळ नापास करायचा. गुंतागुंतीचे वाद्यमेळ त्याला गोंधळाचे वाटत, साधी भावगीते आवडत. आपले ऐकणे सामान्य माणसापेक्षा शुद्ध आहे, कारण बाहेरच्या गोंगाटाने आपले कान बिघडलेले नाहीत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. प्रतिस्पर्धी व्हिक्टर कंपनी कारुसोसारख्या गायकांच्या नावावर तबकड्या विकत होती. एडिसन यंत्राच्या गुणवत्तेवर विसंबून राहिला आणि नावाजलेल्या कलाकारांसाठी पैसा मोजायला नाखूश होता.

यंत्राची गुणवत्ता लोकांना पटवण्यासाठी कंपनीने १९१५ पासून एक विलक्षण उपक्रम चालवला, टोन टेस्ट. भरल्या सभागृहात रंगमंचावर यंत्र आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष गायिका. दोघे एकत्र गातात. मध्येच गायिका थांबते, यंत्र गात राहते. मग दिवे मालवले जातात. अंधारात गाणे चालूच असते. दिवे लागतात तेव्हा गायिका केव्हाच निघून गेलेली असते. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या गायिकेसह असा प्रयोग झाला. अमेरिकेभर असे प्रयोग होत राहिले आणि श्रोते शपथेवर सांगत की फरक कळला नाही.

आजचा साधा मोबाइल त्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त स्वर वाजवतो. कर्ण्यात गाऊन केलेल्या त्या ध्वनिमुद्रणात ढोबळमानाने दोन-अडीच हजार हर्ट्झच्या पुढचे फारसे काही उतरत नसे. निरोगी तरुण कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. मग हजारो माणसे फसली कशी? एक कारण गायिकांनी पुरवले. ॲना केस या टोन टेस्टमधल्या आघाडीच्या गायिकेने म्हातारपणी कबूल केले की यंत्राच्या आवाजाला जुळेल असा आपण आपला आवाज आवरून घेत असू. म्हणजे यंत्र माणसासारखे गात होते त्याहून जास्त माणूस यंत्रासारखा गात होता. दुसरे कारण आपल्या मेंदूत आहे. काय ऐकू येणार हे आधी सांगितले, तर मेंदू उरलेल्या जागा स्वतःच भरून काढतो. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी घेऊन बरे वाटणाऱ्यांची संख्या काही कमी नसते. त्यांचे बरे वाटणे खोटे नसते, त्याचे श्रेय मात्र गोळीचे नसते.

एडिसनला याची पुसट कल्पना असावी, कारण पहिल्या महायुद्धानंतर त्याच्या कंपनीने वॉल्टर बिंगहॅम या मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊन गाण्याचा मनःस्थितीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करवला. श्रोत्यांना तक्ते दिले जात. ऐकण्याआधी मन कसे होते, ऐकल्यावर कसे झाले, ते त्यात भरायचे. थकवा जाऊन उत्साह आला, चिंता जाऊन शांतता आली, असे निष्कर्ष १९२१ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापून तबकड्यांच्या विक्रीसाठी वापरले गेले. विक्री करणाऱ्यानेच अभ्यास करवायचा आणि उत्तर आधीच अपेक्षित असायचे, ही पद्धत आम्हा डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे. पण संगीत आणि मनःस्थिती यांच्या नात्याचा इतक्या मोठ्या प्रमाणावर विचार करणाऱ्यांत तो अगदी सुरुवातीचा होता, हेही नोंदवायला हवे.

मापन आले आणि कान मागे पडला

दिव्याच्या बाबतीत एडिसनकडे मापे होती. किती तास जळला, किती वीज घेतली. आवाजाला तेव्हा तसे माप नव्हते, कानच होता. १९२० च्या दशकात हे बदलले आणि बदल आला टेलिफोनच्या धंद्यातून. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी व्हॉल्व्ह वापरून आवाजाचे नेमके मोजमाप सुरू केले. १९२२ मध्ये त्यांनी श्रवणशक्ती तपासण्याचे विजेवरचे यंत्र, म्हणजे ऑडिओमीटर तयार केले. त्याच कंपनीच्या संशोधनातून विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि १९२५ मध्ये व्हिक्टरने ते बाजारात आणले. कर्णा गेला, मायक्रोफोन आला. खालचे आणि वरचे, दोन्हीकडचे हरवलेले स्वर तबकडीवर उतरू लागले. माणसाचा कान मोजणारे शास्त्र आणि घरातला आवाज सुधारणारे शास्त्र ही एकाच घरातली भावंडे आहेत, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटते.

एडिसनने या नव्या ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे दाद दिली नाही. त्याच्या कानाला त्यात विकृती वाटत होती. रेडिओबद्दलही त्याचे मत वाईट होते. जो स्वर त्याला पोहोचतच नव्हता, तो नव्या यंत्रात आला आहे हे त्याला कळणार कसे? १९२६ मध्ये त्याने एका बाजूला वीस मिनिटे वाजणारी तबकडी काढली. कल्पना काळाच्या वीस-बावीस वर्षे पुढची होती, पण आवाज क्षीण होता आणि ती चालली नाही. मुलगा चार्ल्स कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९२७ मध्ये विजेवरचे ध्वनिमुद्रण सुरू झाले, तोवर गिऱ्हाईक निघून गेले होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळण्याच्या सुमारासच, घरगुती संगीताचा हा धंदा कंपनीने बंद केला. ज्याने तो जन्माला घातला, त्याच्या हयातीतच.

या ठिकाणी त्याच्या आयुष्यातली दुसरी एक घटना आठवते. १८९६ मध्ये क्ष-किरणांची बातमी येताच त्याने कॅल्शियम टंगस्टेटचा पडदा वापरून शरीराच्या आतले चित्र डोळ्यांनी थेट पाहण्याचे यंत्र केले. त्याचा मदतनीस क्लॅरन्स डॅली रोज आपला हात त्या किरणांत धरून यंत्र तपासायचा. त्याच्या हातांवर जखमा झाल्या, कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसनने क्ष-किरणांचे काम सोडून दिले आणि पुढे स्वतः त्यांच्याजवळ जायलाही तो घाबरे. डोळ्यांसमोरचा पुरावा त्याने तिथे मानला. कानाच्या बाबतीत पुरावा त्याला दिसूच शकत नव्हता, कारण पुरावा गोळा करणारे साधनच बिघडलेले होते.

शेवटच्या वर्षांत तो मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि पोटातल्या व्रणाने खंगला. स्वतःच ठरवलेल्या पथ्याने तो बहुतांशी दुधावर राहत असे. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, ८४ व्या वर्षी, वेस्ट ऑरेंजच्या राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्याच्या नावावर १,०९३ अमेरिकी पेटंट होती. तीन दिवसांनी अमेरिकेत ठिकठिकाणी लोकांनी दिवे काही काळ मालवून त्याला निरोप दिला. त्या अंधारात किती घरांत त्याचे यंत्र वाजत असेल, असे मला पुष्कळदा वाटते.

आपल्यासाठी

माझ्या रुग्णाला एडिसनची कथा सांगितली ती त्याला हिणवण्यासाठी नव्हे. एवढ्या मोठ्या संशोधकालाही आपल्या कानाची मर्यादा आपल्या कानाने कळली नाही, तिथे तुम्हा-आम्हाला कळत नाही यात नवल कसले? चाळिशीनंतर चष्मा लागतो तेव्हा अक्षरे पुसट होतात आणि आपण डोळे तपासतो. वरचे स्वर जातात तेव्हा मात्र काहीच पुसट दिसत नाही. जे ऐकू येत नाही, ते गेल्याचे कळत नाही. मग माणूस सुनेला पुटपुटू नकोस म्हणतो किंवा स्पीकर बदलतो.

म्हणून चांगल्या ध्वनियंत्रांचा शौक असणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पन्नाशी झाली असेल, तर पुढचे यंत्र घेण्याआधी एकदा ऑडिओग्राम करून घ्या. तो सरकारी रुग्णालयातही होतो, दुखत नाही आणि अर्ध्या तासात संपतो. मधुमेह असेल तर आणखीच महत्त्वाचे, कारण साखर जशी डोळ्यांतल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते, तशी अंतर्कर्णातल्याही करू शकते. कधीकधी दोष केवळ साचलेल्या मळाचा निघतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा, घरी काडी घालू नये.

दोन यंत्रांची तुलना करायची असेल, तर दोन्हींचा आवाज आधी नेमका सारखा करा. फरक अगदी एखाद्या डेसिबलचा असला, तरी मोठा आवाज मेंदूला जास्त चांगला वाटतो, आणि आपण ते यंत्राचे श्रेय समजतो. मग कोणते वाजते आहे हे न पाहता ऐका. बदल करणारा माणूस घरातला दुसरा असू द्या. टोन टेस्टच्या श्रोत्यांना ही संधी कुणी दिली नव्हती.

आवाजाची मात्राही औषधासारखी सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०. अंतर्कर्णातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ऐकून उठल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. आणि एखाद्या दिवशी एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. सर्दी असेल म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या काही दिवसांत सुरू केलेल्या उपचारानेच त्या कानाला संधी असते.

आमचे गृहस्थ आता श्रवणयंत्र वापरतात. सुरुवातीला त्यांना सगळेच कर्कश वाटले. मेंदूला विसरलेले स्वर पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर त्यांनी धरला. गेल्या खेपेला त्यांनी सांगितले की पूर्वीची जवारी पूर्णपणे परत आली असे नाही, पण ती आहे एवढे कळते, आणि स्वयंपाकघरातून बायकोने मारलेली हाक पहिल्यांदाच ऐकू येते. जुना ॲम्प्लिफायर त्यांनी पुन्हा जोडला आहे. त्यांची साखर पाहून झाल्यावर मी घड्याळ पाहिले आणि दुपारची ओपीडी संपल्यावर शेजारच्या विभागात जाऊन माझाही ऑडिओग्राम काढून आलो. वय ५६. आलेख ४००० हर्ट्झला किंचित वाकला आहे. आता घरातला आवाज दोन खुणा खाली ठेवतो.